दाबणारा हात, विचारणारा हात

आमच्या घरात सर्दी झाली की औषधाच्या आधी अम्मीचा हात यायचा. तव्यावर सुती फडकं गरम करून ती ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग माझ्या कपाळावर ठेवायची. त्यानंतर तिचे अंगठे फिरायचे. दोन भुवयांच्या मधून कानशिलांकडे, नाकाच्या कडेने गालाच्या हाडाखालून कानाकडे, आणि शेवटी मानेच्या मागे, जिथे कवटी संपते त्या खळग्यात. "नजला उतर रहा है," ती म्हणायची. दहा मिनिटांत डोकं हलकं व्हायचं आणि मी दप्तर उचलून शाळेत जायचो.

आज मीच शाळेत शिकवतो. खडूची धूळ, चंद्रपूरची हवा आणि दिवसभराचं बोलणं यामुळे वर्षातून तीन-चार वेळा माझे गाल आणि कपाळ जड होतात. तेव्हा मला अम्मीचे अंगठे आठवतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, चेहऱ्याच्या मालिशने आराम पडतो, हे मी नाकारणार नाही. ज्याला पडलाय त्याला "तुझा भ्रम आहे" म्हणणं हा उद्धटपणा आहे. पण याच आरामाने माझ्या मामूंचे आठ महिने खाल्ले. त्याबद्दल लिहायचं आहे.

मामू सुतार. बल्लारपूरच्या बाजूला एका आरामशीनवर त्यांनी तीस वर्षं काढली. सागवान कापायचा, रंधा मारायचा, पॉलिशपेपर घासायचा. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर, पापण्यांवर पिवळा भुसा असायचा. नाक तर नेहमीचंच चोंदलेलं. "लकडी का काम है, नाक तो बहेगी," असं ते हसून म्हणत. मग एका हिवाळ्यात डावी नाकपुडी बंद झाली ती उघडेचना. डावा गाल दुखू लागला. कोणीतरी सांगितलं, सायनस आहे, अमुक एक जण चेहरा दाबून सायनस काढून देतो. मामू गेले. दोनशे रुपये एका बैठकीचे. घरी आले तेव्हा खूश होते. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत दुखायला लागलं, परत गेले. असं चालत राहिलं. मधूनमधून शिंकरताना रक्ताची रेघ दिसायची, ती उष्णतेवर ढकलली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 47-48 वर जातो, त्यामुळे नाकातलं रक्त उष्णतेवर ढकलायला फार विचार करावा लागत नाही.

एक दिवस मामूंनी त्या मालिशवाल्याला सांगितलं, "इधर गाल पे सुन्न लगता है, तुम्हारी उंगली समझती नहीं." तो म्हणाला, "नस मोकळी होऊन रायली, चाचा." आणि त्याने अजून जोरात दाबलं.

तो माणूस लबाड नव्हता, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. मनापासून काम करणारा होता. मामूंकडे पैसे नसले तरी दाबून द्यायचा. त्याच्या हाताला दाबणं माहीत होतं, विचारणं माहीत नव्हतं. आणि आम्ही घरचे तरी काय करत होतो? मामू घरी येऊन "आराम है" म्हणाले की आम्हीही सुटकेचा श्वास टाकत होतो. आठ महिन्यांनी डावा डोळा किंचित वर ढकलल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा नागपूर गाठलं. गालाच्या पोकळीतला कर्करोग निघाला.

आता थोडं समजून घेऊ. "मला सायनस आहे" असं आपण म्हणतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, डोळ्यांच्या मध्ये, गालांत आणि नाकाच्या मागे खोलवर, अशा या हाडातल्या हवेच्या पोकळ्या. चार जोड्या. त्यांच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते शेंबूड हळूहळू एका बारीक दाराकडे ढकलत नेतात. ते दार नाकात उघडतं. सर्दीने अस्तर सुजलं की दार बंद होतं, आत दाब वाढतो आणि गाल ठणकायला लागतो. गालाच्या पोकळीची गंमत अशी की तिचं दार तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. म्हणजे मडक्याच्या तोंडासारखं. मडकं बाहेरून कितीही चोळा, पाणी तोंडातून आपोआप बाहेर येत नाही. मधे हाडाची भिंत आहे आणि अंगठा भिंतीच्या या बाजूला आहे. "मी सायनस दाबून रिकामा करतो" असं कोणी म्हणालं की हे मडकं आठवावं.

मग आराम कशाचा पडतो? त्याची कारणं साधी आणि खरी आहेत. दुखणाऱ्या चेहऱ्याचे, कपाळाचे, मानेचे स्नायू आपण नकळत आवळून धरतो. हात ते सैल करतो. गरम फडक्याने बरं वाटतं. आणि स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत पोचला की दुखण्याच्या संदेशाची वाट थोडी अडते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली हे दाराच्या उपमेनेच मांडलं होतं. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, त्याचंही उत्तर हेच. शिवाय कोणीतरी आपल्यासाठी दहा मिनिटं बसलंय, ही गोष्टही दुखणं कमी करते. ती औषधाच्या पुड्यांत मिळत नाही.

युनानी तिब्बमध्ये याला "दल्क" म्हणतात. औषध न देता करायच्या उपचारांचा एक वेगळा विभागच तिथे आहे, त्यात दल्क, शेक, वाफ, हम्माम, हिजामा हे सगळं येतं. इब्ने सीनाने सुमारे हजार वर्षांपूर्वी "अल-कानून"मध्ये मालिशचे प्रकार पाडले आहेत. कडक, मऊ, जास्त वेळ, बेताचा वेळ, आणि प्रत्येकाचा शरीरावर परिणाम वेगळा. म्हणजे आपल्या जुन्या हकिमांनाही "दाब म्हणजे दाब" हे मान्य नव्हतं. कोणाला, किती आणि कधी हे आधी ठरवायचं, हा त्या विद्येचा गाभा होता. आपण तेल आणि अंगठा तेवढा उचलला, गाभा मागे राहिला.

आपला मराठी-हिंदी-उर्दूतला "मालिश" हा शब्द फारसीतल्या "मालीदन"वरून, म्हणजे चोळण्यावरून आला. आणि "चंपी" तर इंग्रजांनी उचलून नेली, तिचा शॅम्पू केला. हे करण्यात मोठा वाटा पाटण्याच्या एका मुसलमानाचा. शेख दीन मुहम्मद, जन्म 1759. त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं आणि चंपीचं स्नानगृह काढलं, 1822 साली त्यावर पुस्तक लिहिलं, राजा चौथ्या जॉर्जपर्यंत पोचले. बऱ्या झालेल्या लोकांनी टाकून दिलेल्या कुबड्या त्यांच्या स्नानगृहात टांगलेल्या असायच्या, असं सांगतात. मला या माणसाचा अभिमान वाटतो. पण त्या कुबड्यांकडे बघताना एक प्रश्न विचारायला हवा. जे बरे झाले नाहीत ते आपल्या कुबड्या घेऊन घरी गेले. त्यांच्या कुबड्या भिंतीवर कशा दिसणार? आज मोबाईलवर "एका बैठकीत सायनस गायब" असे व्हिडिओ येतात, त्यांचंही असंच असतं. मामूंचाही एक व्हिडिओ त्या मालिशवाल्याने काढला होता. दुसऱ्या बैठकीनंतरचा. त्यात मामू हसतायत.

मालिशला श्रेय मिळण्याचं आणखी एक कारण आहे. साध्या सर्दीत सायनसला येणारी सूज बहुतेक वेळा विषाणूमुळे असते आणि सात-दहा दिवसांत आपोआप उतरते. माणूस मालिशला जातो कधी? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी. त्यानंतर ते उतरणारच असतं. अँटिबायोटिकलाही असंच फुकटचं श्रेय मिळतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आणि प्रत्येक "सायनस" हा सायनस नसतो. अमेरिकेत 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या, पण ताप किंवा पू नसलेल्या 2991 लोकांना त्यात तपासलं. त्यातल्या 88 टक्के लोकांची डोकेदुखी प्रत्यक्षात मायग्रेनच्या प्रकारची होती. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गाल जड होतो, म्हणून गफलत होते. अशा माणसाला मान आणि कानशिलं दाबून बरं वाटेल, पण त्याला मायग्रेनचं औषध मिळायला हवं होतं, ते वर्षानुवर्षं मिळत नाही.

दाताचंही तसंच. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीला जवळजवळ टेकलेली असतात. दाढ किडली की पू पोकळीत उतरतो. एकाच बाजूला दुखतं, नाकातून घाण वास येतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा किती खाल्ला जातो हे मी कोणाला सांगावं? गडचिरोलीत "मुक्तिपथ" 2016 पासून दारू-तंबाखूच्या विरोधात काम करतंय, तरी माझ्या वर्गातल्या मुलांच्या खिशातून मी पन्न्या काढतोच. खर्ऱ्याने हिरड्या आणि दात गेलेल्या माणसाचा गाल चोळून काय होणार?

हवेचा विषय तर टाळताच येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक भागांचे निर्देशांक काढले. 70 च्या वर गेलेला भाग अतिप्रदूषित. चंद्रपूरला 83.88 मिळाले, देशात चौथा क्रमांक. 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, घुग्घुस-राजुऱ्याकडे रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानंसुद्धा काळी. गडचिरोलीकडे गेलं की जंगल आहे, पण धूर तिथेही आहे. घरात चूल, धान मळताना भुसकट, आणि फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात त्याचा धूर. मामूंच्या बाबतीत लाकडाचा भुसा. लाकडाच्या धुळीने नाकाचा आणि सायनसचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केलं आहे, आणि सागवानासारख्या टणक लाकडाची धूळ त्यात पुढे आहे. बल्लारपूरच्या सागवानाचं देशभर नाव आहे. तो कापणाऱ्याच्या तोंडावर साधा मास्कही नसतो. कारण गालाबाहेर, कारखान्यात आणि चुलीत असताना इलाज फक्त गालावर चालू राहतो, हे मला जास्त खुपतं.

माझे काही शिक्षक मित्र म्हणतात, मग बंदच करा हे मालिश प्रकरण, सगळी अंधश्रद्धा. मला हे पटत नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. कान-नाक-घशाचा डॉक्टर तालुक्याला मिळत नाही. अशा ठिकाणी आजीचा हात, गावातल्या पुजाऱ्याचा हात, मालिशवाल्याचा हात, हाच पहिला दवाखाना असतो. तो तुम्ही बंद करू शकत नाही, आणि करूही नये. त्याला शिकवता मात्र येईल. याच गडचिरोलीत "सर्च"ने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. जगभर त्याची दखल घेतली गेली. ज्या हातांना बाळाचा श्वास मोजायला शिकवता येतं, त्यांना गालाचं दुखणं विचारायला शिकवता येणार नाही का?

उलट मला वाटतं, चेहऱ्यावर फिरणाऱ्या हाताला डॉक्टरच्या आधी कळू शकतं. गालाचा सुन्नपणा त्या हाताखाली असतो. गालातली गाठ नसेवर दाबली की गाल बधिर होतो. कुष्ठरोगातही चट्टा बधिर असतो. आमच्या जिल्ह्यांत तो रोग अजून आहे, वरोऱ्याचं आनंदवन 1949 साली उगाच उभं राहिलं नाही. चोळताना "इथे लागतंय का, कळतंय का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ काही हाती लागतं.

म्हणून मालिश करणाऱ्याने, मग ती अम्मी असो की पैसे घेणारा, अंगठा टेकवण्याआधी काही प्रश्न विचारावेत. एकाच बाजूला दुखतंय का? एकच नाकपुडी कित्येक आठवडे बंद आहे का? रक्त किंवा घाण वास येतो का? गाल, ओठ, वरचे दात बधिर वाटतात का? वरचा दात हलतोय का? डोळ्याभोवती सूज आहे का, दोन-दोन दिसतंय का? खूप ताप आहे का, मान आखडली आहे का? दहा दिवस उलटून गेले का, किंवा बरं होऊन परत वाढलं का? मधुमेह आहे का? शेवटचा प्रश्न 2021 ने शिकवला. कोरोनानंतर काळ्या बुरशीने कितीतरी मधुमेही लोकांचे डोळे आणि जबडे नेले, आणि सुरुवात अशीच व्हायची, एका बाजूचा गाल दुखणं, नाक चोंदणं. यातलं एकही उत्तर "हो" आलं तर हात मागे घ्यायचा आणि माणसाला दवाखान्याच्या गाडीत बसवायचं. डोळा सुजला असेल, दोन दिसत असेल किंवा मान आखडली असेल तर त्याच दिवशी.

सगळी उत्तरं "नाही" आली तर खुशाल दाबा. पैसे द्यायचीही गरज नाही, घरी जमतं. गरम फडकं, पण भाजेल इतकं नाही. मऊ दाब. भुवया, कानशिलं, गालाचं हाड, मानेमागचा खळगा, पाच-दहा मिनिटं. बुबुळावर दाब नको. नाकाजवळची पुळी फोडायची नाही, तिथल्या शिरांचा रस्ता मेंदूकडे जातो. तेल नाकात ओतू नका, ते घसरून फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि खरोखर नाक मोकळं करायचं तर मिठाच्या कोमट पाण्याने धुणं हे चोळण्यापेक्षा जास्त कामाचं. योगवाले त्याला जलनेती म्हणतात. आपण वुजूत नाकात पाणी घेतो, इस्तिन्शाक, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र नाक आतून धुवायचं पाणी उकळून थंड केलेलं हवं. कराचीत आणि अलीकडे केरळात मेंदू खाणाऱ्या अमिबाने माणसं गेली. तो अमिबा पिण्यातून नाही, नाकातूनच शिरतो. वुजू करतानाही पाणी साठवलेलं, शंकास्पद असेल तर नाकात जोराने ओढू नका.

मामू आहेत. डाव्या बाजूचा वरचा जबडा आणि अर्धी टाळू काढावी लागली. टाळूला एक प्लेट बसवली आहे. ती काढली की सगळा आवाज नाकातून जातो आणि "पानी" हे "मानी" ऐकू येतं. मी मुलांना बे आणि पे शिकवणारा माणूस. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मामूंनी मला पाणी मागितलं तेव्हा मला कळलंच नाही, त्यांना तीनदा म्हणावं लागलं.

अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिचे अंगठे सांधेदुखीने वाकडे झालेत, तरी मोहल्ल्यातल्या बायका लेकरांना घेऊन तिच्याकडे येतात. परवा एका पोरीच्या कपाळावर फडकं ठेवता ठेवता ती थांबली. "एकही बाजू दुखता क्या बेटा? के दोनों?" पोरगी म्हणाली, दोन्ही. मग तिने अंगठे टेकवले.